झिप पाठवली म्हणजे पोचलं का?

1 ऑगस्ट 2023 पासून वर्षाला 5 कोटी रुपयांहून जास्त उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना आपसांतल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. ऑक्टोबर 2020 मध्ये ही मर्यादा 500 कोटींची होती. मग 100, 50, 20, 10 अशी उतरत ती 5 वर आली. 500 कोटींच्या यादीत नाशिकची नावं मोजकीच. 5 कोटी म्हटल्यावर मात्र सातपूर, अंबड, सिन्नरमधले प्रेस शॉपवाले, फॅब्रिकेशनवाले, पॅकेजिंगवाले असे कितीतरी जण त्यात आले. अशा कारखान्यांची बिलिंगची सॉफ्टवेअरं पुष्कळदा नाशिकमधल्याच चार-सहा जणांच्या कंपन्यांनी लिहिलेली असतात. बिलाची माहिती सरकारी पोर्टलकडे पाठवायची, तिकडून 64 अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड घ्यायचा, तो बिलावर छापायचा. काम एकच, ग्राहक ढीगभर.

हे काम करणारा कोड दोन तऱ्हांनी पोचवता येतो. एक तऱ्हा ओळखीची: एका ग्राहकासाठी लिहिलेला तुकडा उचलायचा, दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये चिकटवायचा, झिप करायची, ड्राइव्हवर टाकायची आणि साइटवरच्या पोराला फोन करायचा. दुसरी तऱ्हा अशी, की तो कोड वेगळा काढून त्याचं पॅकेज करायचं, त्याला व्हर्जन क्रमांक द्यायचा, कंपनीच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत ठेवायचं. आणि प्रत्येक प्रोजेक्टने एनपीएम, पिप, नुगेट, कंपोझर असं जे काही वापरात असेल त्याच्यामार्फत ते तिथून ओढून घ्यायचं.

पहिल्या तऱ्हेचा त्रास नियम बदलला की कळतो. 1 एप्रिल 2025 पासून 10 कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला बिल 30 दिवसांत पोर्टलवर नोंदवण्याचं बंधन आलं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे टप्पेच बदलले. चिकटवलेला तुकडा प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेगळा झालेला असतो, आणि कुठे काय बदललं होतं हे ज्याला माहीत होतं तो पुण्याला निघून गेलेला असतो.

हे सगळं पटणारी माणसंही दुसऱ्या तऱ्हेकडे वळत नाहीत. आड येतात ते समज. त्यातले काही निव्वळ ऐकीव आहेत, काही अर्धे खरे आहेत. आणि अर्धे खरे असलेले जास्त महागात पडतात.

“पॅकेज मॅनेजरवर टाकलं म्हणजे जगाला वाटलं”

पॅकेज मॅनेजर हे हत्यार आहे. रजिस्ट्री म्हणजे माल ठेवायची जागा. दोन्ही वेगळ्या गोष्टी. एनपीएम बसवल्यावर ते सार्वजनिक रजिस्ट्रीकडे जातं, कारण तोच पत्ता आधीपासून भरलेला असतो. तो एका ओळीत बदलता येतो.

दुसरा पत्ता म्हणजे काही अगडबंब यंत्रणा असावी लागत नाही. नुगेटला ऑफिसच्या नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर दाखवलं तरी ते त्यातून पॅकेज उचलतं. पिपला लागणारी यादी म्हणजे साध्या एचटीएमएल पानांचा एक संच. कुठलाही वेब सर्व्हर ती वाढू शकतो. डेबियन-उबुंटूचं एपीटी तर 1998 पासून हेच करत आलं आहे: ठराविक रचनेतल्या काही फाइली, आणि पुढे त्यांच्यावर एक सहीही आली. एनपीएमसाठी व्हर्डाचिओ फुकट मिळतं आणि जुन्या डेस्कटॉपवरही चालतं. गिटलॅब आधीच वापरत असाल तर पॅकेज रजिस्ट्री त्यातच आहे, फक्त कोणी तो मेनू उघडलेला नसतो. “सर्व्हरचा खर्च परवडत नाही” ही तक्रार त्यामुळे मी फारशी मनावर घेत नाही. खर्च आहे तो माणसाच्या वेळेचा. रजिस्ट्रीचा बॅकअप, अपडेट, पासवर्ड यांचा वाली कोण, हे आधी ठरवावं लागतं.

“पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘प्रायव्हेट: ट्रू’ लिहिलं आहे”

त्या ओळीने पॅकेज खासगी होत नाही. पब्लिश करायला नकार दे, एवढाच निरोप ती एनपीएमला देते. चुकून सार्वजनिक रजिस्ट्रीवर जाऊ नये म्हणून लावलेली ती कडी आहे. ज्या पॅकेजला तुमच्याच खासगी रजिस्ट्रीत पाठवायचं आहे, त्यात ही ओळ ठेवता येत नाही, कारण मग तिकडेही पब्लिश होणार नाही. मग कोणीतरी ती ओळ काढतं, आणि पत्ता मात्र आधीचाच राहतो. अशा पॅकेजमध्ये ‘पब्लिश-कॉन्फिग’ खाली आपल्या रजिस्ट्रीचा पत्ता लिहून ठेवावा. हात चुकला तरी माल बाहेर जात नाही.

याच जातीचा आणखी एक समज मॅक वापरणाऱ्यांत आहे. होमब्रूचा ‘टॅप’ म्हणजे एक गिट रिपॉझिटरी असते. ती खासगी ठेवली की आतलं हत्यारही खासगी झालं, असं वाटतं. पण टॅपमध्ये असतो तो फॉर्म्युला, म्हणजे काय कुठून उतरवायचं आणि कसं बसवायचं याची कृती. खरी फाइल त्यात लिहिलेल्या पत्त्यावर असते. तो पत्ता क्लाउडवरच्या उघड्या बकेटचा असेल, तर कुलूप कृतीला आहे, मालाला नाही.

“आमच्या पॅकेजचं नाव बाहेर कोणाला माहीत असणार?”

इथे थोडं थांबायला हवं, कारण भल्याभल्या कंपन्या इथेच सापडल्या.

9 फेब्रुवारी 2021 ला ॲलेक्स बिर्सान या सुरक्षा संशोधकाने आपला प्रयोग जाहीर केला. पेपालच्या अंतर्गत प्रोजेक्टची एक पॅकेज डॉट जेसन फाइल गिटहबवर मिळाली होती. तिच्यात काही पॅकेजं सार्वजनिक होती, काही उघडच घरातली. घरातल्या पॅकेजांच्या नावाने सार्वजनिक रजिस्ट्रीत काहीच नव्हतं. मग त्याच नावाने आपणच तिथे पॅकेज टाकलं तर? त्याने टाकलं, व्हर्जन क्रमांक मुद्दाम खूप मोठा दिला, आणि आत एवढंच ठेवलं की बसवल्यावर त्या मशीनची जुजबी माहिती परत यावी. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, शॉपिफाय, टेस्ला, उबर धरून 35 हून जास्त कंपन्यांच्या आतल्या मशीनांवरून माहिती आली. ना कोणाला ईमेल पाठवला, ना कोणाचा पासवर्ड फोडला. परवानगीच्या चौकटीतला प्रयोग असल्यामुळे त्याला बक्षिसंच मिळाली, एकूण 1,30,000 डॉलरच्या वर.

हे घडतं कसं? पिपला ‘एक्स्ट्रा-इंडेक्स-यूआरएल’ म्हणून आपली खासगी रजिस्ट्री दिली की ते दोन्हीकडे बघतं आणि ज्याचा व्हर्जन क्रमांक मोठा ते उचलतं. आधी घरचं, मग बाहेरचं, असा क्रम त्याच्या गावीही नसतो. कंपनीचं 1.4.2 घरात, परक्याचं 9000 बाहेर, परकं जिंकतं. नाव कळायला हेर लागत नाही. वेबसाइटच्या जावास्क्रिप्टमध्ये, एरर मेसेजमध्ये, नोकरी सोडून गेलेल्याने “माझं काम” म्हणून गिटहबवर ठेवलेल्या फाइलमध्ये ती नावं पडलेली असतात.

पुढच्याच वर्षी याचं खरं उदाहरण घडलं, तेही पायटॉर्चसारख्या प्रकल्पात. 25 ते 30 डिसेंबर 2022 या काळात लिनक्सवर पायटॉर्चची रोजची प्रायोगिक आवृत्ती पिपने बसवणाऱ्यांच्या मशीनवर ‘टॉर्चट्रायटन’ नावाचं पॅकेज भलतीकडूनच आलं. मूळ पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या इंडेक्सवर होतं; कोणीतरी त्याच नावाचं पायपीआयवर टाकलं आणि ते वरचढ ठरलं. त्याने होम डिरेक्टरीतल्या फाइली आणि एसएसएचच्या किल्ल्यासुद्धा बाहेर पाठवल्या.

उपाय अवघड नाहीत, पण प्रत्येक हत्याराचा वेगळा आहे. एनपीएममध्ये पॅकेजच्या नावाआधी ॲट चिन्ह लावून कंपनीचा स्कोप द्यावा, तो स्कोप आपल्याच रजिस्ट्रीला बांधावा, आणि तेच नाव सार्वजनिक एनपीएमवरही आपल्या नावे घेऊन ठेवावं. पिपला दोन पत्ते देऊ नयेत; एकच द्यावा, आपल्या सर्व्हरचा, आणि बाहेरचं जे लागेल ते त्या सर्व्हरनेच आणून द्यावं. घरातल्या नावांसाठी त्याने बाहेर बघायचंच नाही, हेही त्याला सांगून ठेवावं. नुगेटमध्ये कुठलं पॅकेज कुठल्या स्रोताकडून घ्यायचं हे ‘पॅकेज सोर्स मॅपिंग’ने ठरवता येतं. पीएचपीवाले यात सुखी आहेत: 2020 मध्ये आलेल्या कंपोझर 2 मध्ये, खासगी भांडार यादीत वर असेल आणि पॅकेज तिथे सापडलं, तर ते पुढे बघतच नाही.

गो भाषेत नावंच बाहेर जातात. 1.13 या आवृत्तीपासून गो प्रत्येक मॉड्यूल आधी गूगलच्या प्रॉक्सीकडे मागतं आणि चेकसमही तिकडेच ताडून बघतं. ‘गोप्रायव्हेट’ हा व्हेरिएबल भरला नाही तर तुमच्या खासगी मॉड्यूलचा पत्ता, त्यात ग्राहकाचं नाव असेल तर तेसुद्धा, त्या सर्व्हरला कळवला जातो. कोड जात नाही, नाव जातं. टेंडर लागायच्या आधी कोणासाठी काय चाललं आहे हे सांगायला तेवढं पुरतं.

“पॅकेज केलं की कोड झाकला जातो”

नाही. पायथनचं व्हील म्हणजे झिपच. उघडलं की मूळ फाइली दिसतात. डॉटनेटची डीएलएल आणि जावाची जार फाइल फुकट मिळणाऱ्या डिकंपायलरने बऱ्यापैकी वाचता येते. मिनिफाय केलेली जावास्क्रिप्ट वाचायला कंटाळवाणी असते, अशक्य नसते. आणि सोबत मॅप फाइल गेली असेल तर कंटाळाही येत नाही. खासगी रजिस्ट्री सांगते की फाइल कोणाला मिळेल. मिळाल्यावर आत काय दिसेल यावर तिचा ताबा नाही. तिथे कामाला येतात करार आणि कायदा. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्राम साहित्यकृतींमध्ये धरले जातात, आणि हक्क मिळायला नोंदणी लागत नाही.

आत नको ते जाणं ही त्याहून रोजची अडचण. डेटाबेसचा पासवर्ड असलेली एनव्ही फाइल, ग्राहकाची खरी बिलं असलेला टेस्ट डेटा, जुनी किल्ली. पॅकेज पाठवण्याआधी त्यात कुठल्या फाइली जाणार आहेत ती यादी एनपीएमला विचारता येते. ‘पॅक’ला ‘ड्राय-रन’ जोडलं की ती समोर येते. दोन मिनिटांचं काम आहे आणि कोणी करत नाही.

“ओपन सोर्स लायब्ररी वापरली, आता आपला कोडही खुला करावा लागेल”

हा समज मालक मंडळींत जास्त. एमआयटी, बीएसडी, अपाची हे परवाने असं काही मागत नाहीत. नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, एवढंच. जीपीएलची अट कडक आहे, पण ती वाटपाला लागते. एकाच संस्थेच्या आत प्रती करून वापरणं म्हणजे वाटप नव्हे, असं जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचंच स्पष्टीकरण आहे. तेव्हा जीपीएलचा भाग असलेलं पॅकेज कंपनीच्या रजिस्ट्रीतून कंपनीच्याच सर्व्हरवर गेलं, तर काही बिघडत नाही. तेच अंबडच्या ग्राहकाच्या मशीनवर गेलं की वाटप झालं, आणि त्या ग्राहकाला सोर्स मागायचा हक्क मिळाला. हक्क त्याला, साऱ्या गावाला नाही. एजीपीएल मात्र वेगळा: त्यातला कोड बदलून नेटवर्कवरून सेवा म्हणून चालवला, तरी वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो. एकच रजिस्ट्री ऑफिसलाही पुरवते आणि ग्राहकांनाही, अशी रचना असेल तर ही सीमा कुठून जाते ते आधी आखून घ्यावं.

“छोटा बदल आहे, त्याच व्हर्जनवर परत टाक”

“सर, एकच ओळ बदलली आहे.” “अरे मग नंबर कशाला वाढवतोस? तोच ठेव.” हा संवाद मराठी सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज होत असावा, असा माझा संशय आहे.

सार्वजनिक एनपीएमवर हे करताच येत नाही. एकदा वापरलेलं नाव आणि व्हर्जन यांची जोडी पॅकेज काढून टाकलं तरी पुन्हा मिळत नाही. पायपीआयही त्याच नावाची फाइल पुन्हा घेत नाही. खासगी रजिस्ट्रीत मात्र पुष्कळदा ही मुभा असते, आणि सोय म्हणून ती चालू ठेवली जाते. मग 2.3.1 या एकाच क्रमांकाखाली दोन वेगळे माल फिरतात. लॉक फाइलमध्ये जुन्या मालाचा हॅश असेल तर एका ठिकाणी बिल्ड अडतं, नसेल तर दुसऱ्या ठिकाणी गुपचूप नवीन बसतं. सिन्नरच्या साइटवर चालतं आणि सातपूरच्या साइटवर चालत नाही, दोघांचंही व्हर्जन तेच. सेटिंगमध्ये जाऊन ही मुभा बंद करावी. आकड्यांना पैसे पडत नाहीत.

माझ्या मते खासगी रजिस्ट्रीचं खरं मोल लपवण्यात नाहीच. कुठला माल कुठे गेला हे सांगता येणं, हे तिचं मोल. नाशिकच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. 2010 मध्ये क्लोरमेक्वॉट क्लोराईडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांनी काय सोसलं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अपेडाच्या ग्रेपनेटवर निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, तिथला नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल हे साखळीसारखं जोडलेलं असतं, म्हणजे परदेशात पेटी सापडली की प्लॉटपर्यंत मागे जाता येतं.

डिसेंबर 2021 मध्ये जावाच्या लॉगफोरजे लायब्ररीत भयंकर छिद्र निघालं, तेव्हा जगभरच्या कंपन्या पॅच शोधण्याआधी एकाच प्रश्नात अडकल्या: हे आपल्याकडे आहे कुठे? ते जारच्या आतल्या जारमध्ये दडलेलं होतं. ज्यांची प्रत्येक बिल्ड रजिस्ट्रीतून जात होती त्यांनी यादी काढली. ज्यांच्या झिपा ड्राइव्हवर होत्या त्यांनी सुट्ट्या रद्द केल्या. भारतात आता हे मागणंही औपचारिक होत चाललं आहे. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस ठेवावे लागतात. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्ट-इनने एसबॉम, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेबीनेही ऑगस्ट 2024 च्या सायबर चौकटीत ती यादी मागितली आहे. पतसंस्थेला किंवा वायनरीला सॉफ्टवेअर देणाऱ्याला आज हे कोणी विचारणार नाही. मोठ्या कारखान्याचा पुरवठादार असाल तर त्यांचा ऑडिटवाला विचारेल.

“आमचं सगळं आतच आहे, बाहेरच्या हल्ल्यांशी काय संबंध?”

तुमचं पॅकेज खासगी असेल, त्याच्या पोटातली शंभर पॅकेजं सार्वजनिकच असतात. 22 मार्च 2016 ला ‘लेफ्ट-पॅड’ हे 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागाने एनपीएमवरून काढलं आणि हजारो प्रोजेक्टांची बिल्ड अडली. ज्यांच्या खासगी रजिस्ट्रीने बाहेरच्या पॅकेजांच्या प्रती साठवून ठेवल्या होत्या त्यांना जाणवलंही नसेल. सप्टेंबर 2025 मधला ‘शाय-हुलूद’ हा एनपीएमवरचा किडा त्याहून वाईट होता. बाधित पॅकेज बसवलं की तो मशीनवरचे टोकन शोधायचा, त्यांच्या जोरावर त्या माणसाच्या बाकीच्या पॅकेजांत शिरायचा, आणि काही जणांच्या खासगी गिटहब रिपॉझिटऱ्या सार्वजनिक करून टाकायचा. खासगी कोड उघडा पडला तो डेव्हलपरच्या लॅपटॉपवरून, रजिस्ट्री न फोडता. बिल्डसाठी ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ वापरणं, नवीन आवृत्ती निघाल्याच्या दिवशीच न घेणं, टोकनला मुदत आणि मोजकेच अधिकार देणं, नोकरी सोडणाऱ्याचं टोकन त्याच दिवशी रद्द करणं, ही कंटाळवाणी कामं इथे उपयोगी पडतात.

“शॉप फ्लोअरवर इंटरनेटच नाही, तिथे पॅकेज मॅनेजर काय करणार?”

मशीनच्या नेटवर्कला बाहेरचा रस्ता नसणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि तिथेच पॅकेज मॅनेजर जास्त लागतो. पेनड्राइव्हवर सुटी झिप नेण्याऐवजी लागणाऱ्या भागापुरती एपीटी रिपॉझिटरीच उचलून न्यावी. तिच्यातल्या रिलीज फाइलवर सही असते, त्या फाइलमध्ये यादीचे हॅश, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. वाटेत एक बाइट बदलला तरी एपीटी ते पॅकेज बसवत नाही. नुगेटसाठी फोल्डर पुरतं हे वर आलंच आहे, पिपलाही ते पुरतं, पण तिथे हॅशची तपासणी आपल्याला मागावी लागते.

यात दोन खाचा आहेत. आपली सही तपासणारी किल्ली सगळ्या स्रोतांसाठी सरसकट विश्वासाची म्हणून टाकू नये. ‘एपीटी-की’ची जुनी पद्धत तशीच होती, म्हणून ती मोडीत काढली. आता स्रोताच्या नोंदीतच ‘साइन्ड-बाय’ लिहून ती किल्ली तेवढ्याच रिपॉझिटरीपुरती बांधता येते. दुसरी खाच तारखेची. रिलीज फाइलमध्ये ‘व्हॅलिड-अंटिल’ दिलं असेल तर ती तारीख उलटल्यावर एपीटी त्या रिपॉझिटरीला हात लावत नाही. कोणी मुद्दाम जुनी, छिद्रं असलेली प्रत पुढे करू नये म्हणून ही सोय आहे. साइटवर महिन्यातून एकदाच माणूस जात असेल तर मुदत आठवड्याची ठेवू नका, आणि जाण्यापूर्वी तिथल्या मशीनचं घड्याळ बरोबर आहे का ते फोनवर विचारून घ्या.